तिसऱ्या मजल्यावरचे देव

३ नोव्हेंबर, सोमवार. भांडुप.

नातीनं पुन्हा ती पुस्तकं काढलीत. प्रज्ञा, एम.ए.ला आहे. प्रबंधाचा विषय काय, तर जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतले भयाण वाडे आणि त्या वाड्यांतली प्रेमं. दुपारी मी गवार मोडते, ही शेजारी बसून गोष्ट मराठीत करून सांगते. आजची: गरीब पोरगी, डोंगरावर वाडा, मालक तिरसट, वरची एक खोली कायम बंद. वादळ सुटतं आणि पोरगी दिवा घेऊन एकटीच वर निघते.

का गं? उजाडेपर्यंत दम निघत नाही का तिला?

"आजी, ते वातावरण असतं."

असेल. पण वाड्यात खोल्या पन्नास आणि झाडू मारणारी एक बाई दिसत नाही. कुणी जेवतही नाही. मालकाला तिरसटपणा करायला ताकद येते कुठून?

हसली. वर म्हणते, हेही लिहिते. लिही. मला अंगठा येतो, अक्षर येत नाही. तोंड माझं, हात हिचा, असं ठरलंय आमचं. गाळायचं नाही, हेही ठरलंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

मुलुंडला जाऊन आली. नि. कडे. (निरंजन. पूर्ण नाव लिहायला हिचा हात अडखळतो, म्हणून नि.) त्याच्या वडिलांचं वाचनालय होतं, सोसायटीच्या तळमजल्यावर. ही वाड्यांची पुस्तकं सगळी तिथली. वडील गेले, वाचनालय मिटलं, पुस्तकं वर घरात गेली. आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला. बाकी सगळे भाड्याच्या जागांत गेले. लिफ्ट काढून नेली, जिन्याचा लोखंडी कठडा नेला, रिकाम्या घरांची दारं-खिडक्या भंगारात गेली. अख्ख्या बिल्डिंगीत एकच घर राहिलंय. तिसऱ्या मजल्यावर नि. आणि त्याची आई, सुमतीबाई.

"का नाही जात?"

"काकू जागा सोडायला तयार नाहीत. इथंच मरेन म्हणतात. तो त्यांच्यासाठी थांबलाय, आजी. पाणी बादलीनं वर नेतो."

सांगताना हिचे डोळे असे झाले, की मला गवारीकडे बघावं लागलं.

मी त्याचं नाव ठेवलं, काळोखे साहेब. चिडली. लिहिलं मात्र. दिवा नसलेल्या जिन्यात कुणीही पोरगा देखणाच दिसणार.

९ नोव्हेंबर, रविवार.

लग्न करायचं म्हणाली. थेट बापासमोर. सुधाकर पेपर वाचत होता, पेपर खाली केला नाही.

"राहणार कुठं?"

"तिथंच. काकूंना एकटं टाकता येत नाही."

"लोक जिथनं पळाले तिथं तू संसार मांडणार?"

मग त्यानं विचारलं, त्यांच्यात देव, आपल्यात दीक्षा. त्याच्या आईला चालणार आहे का? ही म्हणाली, चालतं. तू विचारलंस? नाही. नि. म्हणतो चालतं.

म्हणजे आई काय म्हणते ते नि. सांगतो, आणि नि. काय म्हणतो ते ही सांगते. बाईचं तोंड अजून कुणी ऐकलेलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

डबा पाठवला. स्टीलचा, मोठा. भरली वांगी, ज्वारीच्या भाकरी. हिला बजावलं, प्रज्ञाच्या आजीनं दिलंय असं सांग. आमच्या हातचं खातात का तेही कळेल. हे तपासायची सवय जुनी आहे. जात नाही.

संध्याकाळी डबा परत. लख्ख घासलेला, आत साखर. रिकामा डबा धाडत नाहीत एवढं बाई जाणते. बरं वाटलं.

हिचा वृत्तांत: काकूंनी वांगी बोटानं पुसून खाल्ली. नि.ला भाकरी जात नाही, पोळी लागते. लिही तेही. नको म्हणते. लिही.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

पुन्हा डबा. मटकीची उसळ. परत आला तो जड. उघडला तर तांदूळ. तांदळात हात घातला, बोटांना गार काहीतरी लागलं. काढलं तर पितळेची बाई. बसलेली, हातात पळी. अन्नपूर्णा.

पटकन पदराखाली घेतली, खोटं कशाला बोलू. माझ्या आईनं दीक्षा घेतली तेव्हा मी तिच्या कमरेला लागत होते. घरातले सगळे देव तिनं टोपलीत घालून ओढ्यात सोडले, आणि मागं वळून बघायचं नाही म्हणाली. मी बघितलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात देव नाही. आता आला तो उसळीच्या डब्यातून.

ही म्हणते, प्रेमानं दिली असेल. त्यांच्यात लग्नात मुलीला अन्नपूर्णा देतात.

ठेवायची कुठं? कपाटात सुधाकर बघेल. तांदळातून आली, तांदळाच्या पिंपात ठेवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

आज बाळकृष्ण. रांगता, हातात लोण्याचा गोळा. चिवड्यात बुडवून पाठवलेला. कढीपत्ता झाडून काढला, काखेत शेंगदाणा अडकला होता. मला हसू आलं. तेवढ्यात सुधाकर आत आला.

"हे काय?"

पिंपही उघडावं लागलं.

"बघ. लग्न ठरायच्या आधीच सुरू. आज डब्यातून देव, उद्या पोरीला उपास, परवा सोवळं. सासू सुनेला तयार करतेय."

ही म्हणाली, मी विचारते त्यांना. तो म्हणाला, विचारायचं काय उरलंय, उत्तरं डब्यातून येतायत की. लग्न बंद. ऐकलंस? बंद.

मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून मीही भर घातली. म्हटलं, तुझ्या पुस्तकांत तरी दुसरं काय असतं गं? पोरीला वाड्यात नेतात, आणि हळूहळू तिचे कपडे बदलतात, बोलणं बदलतं, शेवटी आरशात तिला तीच ओळखू येत नाही. तूच सांगितलंस.

ही चप्पल घालून खाली गेली. अंधार पडल्यावर आली. हे सगळं तिनंच लिहिलंय, एक शब्द न बोलता.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

नि.ला फोनवर विचारलं हिनं. देव का पाठवतात काकू?

त्याला पत्ताच नव्हता. देव्हारा पुस्तकांच्या मागं गेलाय म्हणे. मग म्हणाला, आईचं वय झालं, काहीही करते. हल्ली डोक्यानं जरा… तू मनावर घेऊ नकोस.

मी विचारलं, तुझ्या वाड्यातला मालक वरच्या खोलीतल्या बाईबद्दल काय सांगतो?

"आजी, प्लीज."

काय सांगतो?

"वेडी आहे म्हणून सांगतो."

लिही.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

डबा पाठवायचा नव्हता. पण बाईनं दर वेळी चाटूनपुसून खाल्लंय. वड्याचं कालवण केलेलंच होतं. पाठवला.

परत आला. वर ब्लाउजपीस, जुन्या पद्धतीचं, खणाचं. त्यात चांदीचे टाक. त्यांच्या कुळाचे देव. म्हणजे आता देव्हाऱ्यात काही राहिलंच नाही. टाकांच्या खाली अजून एक पुरचुंडी. त्यात चष्मा. आणि बीपीच्या गोळ्या, निम्मी पट्टी संपलेली.

मी खाली बसले. हिला हाक मारली.

सुनेला देव देईल सासू. चष्मा कशाला देईल? गोळ्या कशाला देईल?

"विसरून आल्या असतील. नि. म्हणाला ना…"

खणात बांधून विसरली? गाठ मारून? अगं, ही बाई तुला देव देत नाहीये. निघालीय ती. घर हलवतेय, डब्याच्या मापानं. आधी देव काढले, आता स्वतःचं सामान. आणि आम्ही इथं दीक्षा नि सोवळं करत भांडतोय.

ही लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, पण त्या तर जागा सोडत नाहीत, आजी.

कोण म्हणतं?

पेन टेबलावर ठेवून आत गेली. शेवटचं वाक्य मी सकाळी लिहून घेतलं.

२३ नोव्हेंबर, रविवार.

गेले. ही पुढं, मी भिंत धरून मागं. कठडा नसलेला जिना चढताना बाजूला बघायचं नसतं, ते मी बघितलं. पहिल्या मजल्यावर घरांना दारं नाहीत. एका ओट्यावर घासणी तशीच पडलीय, नळ गेलाय. दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्यांच्या रिकाम्या घरांत पुस्तकांचे गठ्ठे, प्लॅस्टिक घालून. तिसऱ्या मजल्यावर नि.चं घर. भिंती दिसत नाहीत, पुस्तकंच. मधून चालायला गल्ली. बाईची खाट स्वयंपाकघरात.

पोरगा देखणा आहे. काळोखातच नाही, उजेडातही. आवाज मऊ. "आजी, कशाला त्रास घेतलात?" हिच्याकडे बघतो तेव्हा खरंच बघतो. ते खोटं नाही. तेही लिहायला हवं.

पण मी बाईला विचारलं, बरं आहे ना? तो म्हणाला, आईचे गुडघे दुखतात. जेवलात? आई उशिरा जेवते. करमतं का इथं? आईला हीच जागा आवडते. बाई मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघतेय. पदर नीट, केस नीट. डोकं ठिकाणावर, हे बघताच कळतं.

मी पोराला म्हटलं, अहो, हिला ते नवीन गठ्ठ्यातलं वाड्याचं पुस्तक दाखवा ना. दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणत होती. पोरगा खुलला. गेले दोघं.

बाईनं पहिलं काय विचारलं? "देव पोचले का?"

"तांदळात आहेत."

"असू देत. तांदळात बरे."

"आमच्यात देव ठेवत नाहीत, बाई."

"माहीत आहे. म्हणूनच तुमच्याकडे पाठवले. दुसरीकडे दिले असते तर लोकांनी पूजेला बसवले असते. मग परत कोण देतंय? तुमच्याकडे नुसते राहतील."

मी आयुष्यात एवढं पटलेलं बोलणं कमी ऐकलंय.

मग म्हणाली, मला खाली न्या. दाराला कुलूप नाही. पण हे गुडघे आणि तो जिना. त्याला सांगितलं की म्हणतो, पुढच्या महिन्यात. पोर वाईट नाही हो. वडिलांची पुस्तकं भाड्याच्या खोलीत मावत नाहीत, आणि टाकवत नाहीत. पण पुस्तकांसाठी थांबलोय म्हटलं तर लोक हसतील. आईसाठी थांबलोय म्हटलं की लोक मान देतात.

पावलं वाजली. बाई भिंतीला टेकली. आल्या आल्या तो म्हणाला, आई दमली वाटतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

लिहिणार नाही म्हणते. "तू तुझ्याच बाजूनं सांगतेस सगळं."

खरंय. दुसऱ्या कुणाच्या बाजूनं सांगू? तुझी बाजू घ्यायला तुला हात आहे, लिही तू.

लिहिलं तिनं. काय लिहिलंस? वाचून दाखव.

मला खरं वाटत नाही. तो असा नाही. — प्र.

बरं. राहू दे ते. खोडू नकोस.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

सुधाकरला सांगितलं सगळं. चष्मा समोर ठेवला. बराच वेळ उलटसुलट करून बघत होता.

"म्हणजे बाई अडकलीय?"

अडकलीय.

"मग आधी सांगायचं ना. मी उगाच देवांवर ओरडत बसलो."

देवांना काही वाटलं नसेल. तांदळात होते.

हसला नाही. विहारातल्या दोघांना फोन लावला. रविवारी येता का, एका बाईंना जिन्यावरून उतरवायचंय.

३० नोव्हेंबर, रविवार.

आणली.

सुधाकर, विहारातले दोघं, प्र. आणि मी. मी खाली थांबणार होते, थांबले नाही. प्लॅस्टिकची खुर्ची नेली होती, तिला दोन बाजूंनी साड्या बांधल्या. नि. दारात उभा. रागावला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. गोंधळल्यासारखा म्हणाला, "काका, तिची इच्छा नाहीये. आई, तूच म्हणालीस ना, इथंच राहायचं?"

सुमतीबाई खुर्चीत बसून पदर खोचत होत्या. म्हणाल्या, "मी कधी म्हणाले?"

"आई."

"कधी म्हणाले ते सांग. मी विसरले असेन. डोक्यानं जरा अशी आहे ना मी."

बाईनं ते फोनवरचं ऐकलं होतं तर. मी प्रज्ञाकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

उतरवताना वळणावर खुर्ची भिंतीला घासली, पोपडे पडले. बाईंनी डोळे मिटले नाहीत. सुधाकरच्या खांद्यावर त्यांचा हात होता, आणि घामानं त्याचा शर्ट भिजला होता. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या शर्टाला हात पुसला हो मी." तो म्हणाला, "पुसा." लग्न बंद म्हणणारा हाच.

नि. खाली आला नाही. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभा होता. ही वर बघत राहिली, रिक्षा सुरू झाली तरी.

३ डिसेंबर, बुधवार.

घर भरलंय. सहा तारखेला चैत्यभूमीवर जायला गावाकडून पाव्हणे आलेत, पॅसेजमध्येही अंथरुणं. सुमतीबाई त्यात बसून लसूण सोलतात. गावच्या बायकांना वाटतं, माझी कुणी लांबची बहीण. मी म्हटलं, हो. देव अजून पिंपातच. भात करताना सून अन्नपूर्णेला बाजूला सरकवते आणि तांदूळ घेते. सुमतीबाई म्हणतात, तिला सवय आहे.

एवढं सगळं बरं. पण ही जेवत नाही. नि.चा फोन येतो, ही गॅलरीत जाते. वीजही गेली म्हणे आता, बिल्डरनं मीटर काढलं. तो मेणबत्ती लावून बसतो.

"त्याचं चुकलं, आजी. तोही कबूल करतो. पण एकटा आहे तो. अख्ख्या बिल्डिंगीत एकटा. मी दोन दिवस जरी जाऊन राहिले, तर त्याला समजावून…"

मला आत्तापर्यंत भीती वाटली नव्हती, आज वाटली. आई होती तोवर त्या खाटेवर आई होती. आता खाट रिकामी आहे. लोकांना सांगायला त्याला कुणीतरी लागणार. प्रज्ञा जागा सोडत नाही, म्हणेल. आणि ही तेव्हा त्याचं खोटं पाडणार नाही, मला माहीत आहे. हिला तो आवडतो. तोही हिला फसवत नाही, तो स्वतःलाच आधी पटवतो. त्याचीच जास्त भीती.

हे सगळं हिच्याकडूनच लिहून घेतलं. एकदा हात थांबला. मग लिहिलं.

म्हणाली, "पुस्तकांत शेवटी वाडा पडतो, आजी, आणि मग दोघं सुखी होतात."

वाड्यात कोण असतं, पडतो तेव्हा?

पेनचं टोपण लावलं.

७ डिसेंबर, रविवार.

आजचं अक्षर दुसरं आहे. सुमतीबाई लिहितायत. पाव्हणे गेले. प्रज्ञा संध्याकाळी मुलुंडला निघाली. पिशवीत टॉवेल आणि ब्रश होता, मी बघितलं. सुधाकर उठला, मी त्याला बसवलं. अडवून ठेवलेली पोरगी खिडकीतून पळते, हे मला पुस्तक न वाचता माहीत आहे.

दारात एवढंच म्हटलं. तुझ्या सगळ्या गोष्टींत पोरगी वर जाते. तू खाली उभी राहा. खालून हाक मार. उतरला तर घेऊन ये, पुस्तकांना जागा बघू, माळा आहे, विहारात कपाट आहे. नाही उतरला तर…

"तर काय?"

ते तुझं तू ठरव.

फोन चालू ठेव म्हटलं. ठेवलाय. मधे टेबलावर आहे, त्यातून रिक्षांचे आवाज येतात. सुधाकर भिंतीला टेकून बसलाय.

आत्ता तिचा आवाज आला. निरंजन. पुन्हा, मोठ्यानं. निरंजन.

वरून काहीतरी. मग स्पष्ट. "वर ये ना. दार उघडंच आहे."

"तू ये खाली."

"अंधार आहे जिन्यात, तू मोबाईलचा उजेड लाव, मी वर उभा राहतो."

"तू ये, निरंजन."

"आई कशी आहे?"

"खाली येऊन विचार."

मग काही नाही. कुत्रं भुंकलं. सुमतीबाईंचं पेन थांबलं. मी म्हटलं, लिहा. तुमचा मुलगा आहे म्हणून गाळू नका. त्या म्हणाल्या, गाळत नाही हो, ऐकतेय.

पावलं. जिन्यावरची आहेत, हे त्या सांगतात, इतकी वर्षं तोच जिना ऐकलाय. चढतायत की उतरतायत, मी विचारलं.

"बोलू नका जरा," म्हणाल्या, आणि फोन कानाशी धरला.